त्रिमितीय निर्देशकांनी लांबी काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची अकरावी-बारावी सायन्सची मुलं पुस्तक इंग्रजीत वाचतात आणि शंका मराठीत विचारतात. त्यांच्यासोबत आयटीआयची मुलं असतात, वायरिंगची कामं घेणारे असतात, आणि मुलाचा अभ्यास घेताना अडलेले पालकही असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. तोच मुद्दा दुसरीकडे आला असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

बरीच उदाहरणं एकाच खोलीवर घेतली आहेत: लांबी १२ फूट, रुंदी ९ फूट, उंची ८ फूट. दाराजवळचा जमिनीवरचा कोपरा हा आरंभबिंदू (०, ०, ०). तिथून लांब भिंतीच्या कडेने क्ष-अक्ष, आखूड भिंतीच्या कडेने य-अक्ष आणि कोपऱ्यातून सरळ वर झ-अक्ष.

१. सर, दहावीपर्यंत बिंदूला दोनच आकडे होते. हा तिसरा कशासाठी?

दहावीत सगळं कागदावर होतं, म्हणून दोन आकडे पुरत. खोलीत लोंबणाऱ्या बल्बची जागा सांगायची तर लांब भिंतीच्या दिशेने किती, आखूड भिंतीच्या दिशेने किती आणि जमिनीपासून किती उंच, हे तिन्ही सांगावं लागतं. बल्ब खोलीच्या बरोबर मधोमध, जमिनीपासून ७ फुटांवर असेल तर त्याचे निर्देशक (६, ४.५, ७). क्रम पक्का धरा, आधी क्ष, मग य, मग झ. क्रम बदलला की बिंदू बदलला.

२. दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र पाठ आहे, पण ते येतं कुठून?

पायथागोरसचा सिद्धांत दोनदा लावला की हे सूत्र मिळतं. आपल्या खोलीत जमिनीवरचा एक कोपरा आणि त्याच्या तिरपा समोरचा छताचा कोपरा घ्या, म्हणजे (०, ०, ०) आणि (१२, ९, ८).

आधी फक्त जमीन बघा. जमिनीचा कर्ण √(१४४ + ८१) = √२२५ = १५ फूट. आता हा १५ फुटांचा कर्ण आणि त्याच्या टोकाला उभी असलेली ८ फुटांची कड यांच्यात काटकोन आहे. म्हणून खोलीचा कर्ण √(२२५ + ६४) = √२८९ = १७ फूट.

दोन्ही पायऱ्या एका ओळीत लिहिल्या की सूत्र तयार होतं: क्ष, य, झ यांचे तीन फरक, त्यांचे वर्ग, वर्गांची बेरीज, बेरजेचं वर्गमूळ. मी वर्गात हे सूत्र सांगण्याआधी पोरांना खोलीच्या कोपऱ्यात उभं करून आधी जमिनीचा कर्ण दाखवतो. तो एकदा डोळ्यांना दिसला की सूत्र विसरलं तरी दोन मिनिटांत पुन्हा उभं करता येतं.

३. मग १७ फुटांचा पाईप या खोलीत ठेवता येईल ना?

पाईपला जाडी नसती तर टोकाला टोक लागून बरोबर १७ फूट बसला असता. खरा पाईप जाड असतो आणि कोपऱ्यात त्याची कड आधी अडते, म्हणून १७ पेक्षा थोडा कमीच बसेल. दुकानात मिळणारा २० फुटी पीव्हीसी पाईप या खोलीत कसाही तिरपा केला तरी मावणार नाही. तो कापावाच लागेल.

४. आरंभबिंदू कुठे घ्यायचा? दुसऱ्या कोपऱ्यात घेतला तर उत्तर चुकेल का?

नाही चुकणार. सूत्रात फक्त फरक येतात. आरंभबिंदू सरकवला तर दोन्ही बिंदूंचे आकडे सारखेच सरकतात आणि फरक तसाच राहतो. अक्ष फिरवले तर फरक बदलू शकतात, पण त्यांच्या वर्गांची बेरीज बदलणार नाही.

म्हणून अक्ष आपल्या सोयीने घ्या. गणितात घन किंवा इष्टिकाचिती दिली असेल आणि निर्देशक दिले नसतील, तर एक कोपरा (०, ०, ०) धरा आणि त्या कोपऱ्यातल्या तीन कडा हेच तीन अक्ष समजा. बहुतेक आकडे शून्य होतात आणि अर्धं गणित तिथेच सुटतं. ही निवड लांबीच्या गणितात सर्वात मोलाची, आणि पोरं सर्वात कमी वेळ तिच्यावरच घालवतात.

५. ऋण चिन्ह आलं की माझं उत्तर हमखास चुकतं. काय करू?

फरक वेगळ्या ओळीत लिहा, वर्ग त्याच्या पुढच्या ओळीत. अ(२, −१, ३) आणि ब(−४, २, ५) घ्या.

फरक: −४ − २ = −६; २ − (−१) = ३; ५ − ३ = २.
वर्ग: ३६, ९, ४. बेरीज ४९. लांबी ७.

दुसऱ्या फरकात २ − १ = १ लिहिणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. ‘वजा वजा एक’ तोंडाने म्हणा आणि कंसासकट लिहा. अ मधून ब वजा करा की ब मधून अ, वर्ग केल्यावर सारखंच. पण एका गणितात तिन्ही फरक एकाच दिशेने घेण्याची सवय ठेवा, कारण पुढे दिशा लागते (प्रश्न ९).

६. तीन बिंदू दिले आणि त्रिकोणाचा प्रकार विचारला. कोन काढायचे का?

गरज नाही. तिन्ही बाजूंचे वर्ग काढा, वर्गमूळ शेवटपर्यंत घेऊच नका. अ(१, २, ३), ब(३, ५, ९), क(७, ४, ०):

अब चा वर्ग = ४ + ९ + ३६ = ४९
अक चा वर्ग = ३६ + ४ + ९ = ४९
बक चा वर्ग = १६ + १ + ८१ = ९८

पहिल्या दोन बाजू समान, आणि ४९ + ४९ = ९८. म्हणून हा समद्विभुज काटकोन त्रिकोण आहे आणि काटकोन अ जवळ आहे. सर्वात मोठा वर्ग इतर दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा आला तर विशालकोन, लहान आला तर लघुकोन. मात्र दोन लहान लांब्यांची बेरीज मोठ्या लांबीइतकीच आली तर त्रिकोणच नाही, तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत. ही एक तपासणी वर्गांवर होत नाही, प्रत्यक्ष लांब्यांवरच करावी लागते.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. नको तिथे वर्गमूळ काढत बसलात तर तो वेळ त्यातच जातो.

७. मध्यगेची लांबी कशी काढायची?

समोरच्या बाजूचा मध्यबिंदू काढा, मग प्रश्न २ मधलं अंतर. वरच्याच त्रिकोणात बक चा मध्यबिंदू (५, ४.५, ४.५). अ पासून फरक ४, २.५, १.५. वर्गांची बेरीज १६ + ६.२५ + २.२५ = २४.५, म्हणून मध्यगा √२४.५, म्हणजे सुमारे ४.९५. काटकोन त्रिकोणात कर्णावर जाणारी मध्यगा कर्णाच्या निम्मी असते आणि ७√२ चं निम्मं तेवढंच येतं. असा पडताळा मिळत असेल तर तो सोडू नका.

८. चारही बाजू समान आल्या, कर्णही समान आले. चौरस लिहिलं तर चूक का दिली?

हा प्रश्न दरवर्षी येतो. विचारणाऱ्याचा राग समजण्यासारखा आहे, कारण दहावीत हीच कसोटी बरोबर होती. पण तिथे चारही बिंदू एकाच कागदावर होते.

हे चार बिंदू बघा: अ(०, ०, ०), ब(१, ०, १), क(१, १, ०), ड(०, १, १). अब, बक, कड, डअ या चारही लांब्या √२ आहेत. कर्ण अक = √२, बड = √२. तरीही हा चौरस नाही. चौरसाचा कर्ण बाजूच्या √२ पट असतो. इथे बाजू √२ आहे, म्हणजे कर्ण २ यायला हवा होता.

खरा आकार हातात घेऊन बघा. खराट्याच्या सहा सारख्या काड्या कापा. तिघींचा त्रिकोण करून टोकं दोऱ्याने बांधा, उरलेल्या तीन काड्या प्रत्येक टोकावर एकेक उभी करा आणि वर तिघींची टोकं एकत्र बांधा. सुसम चतुष्फलक तयार होतं, आणि सहाही काड्या समान. वरचे चार बिंदू म्हणजे याच आकाराचे चार कोपरे. तो सपाट करायला गेलात तर काडी मोडेल किंवा गाठ सुटेल.

म्हणून त्रिमितीत आधी कर्णांचे मध्यबिंदू तपासा. अक चा मध्यबिंदू (½, ½, ०), बड चा (½, ½, १). दोन्ही वेगळे, म्हणजे हा समांतरभुज चौकोनच नाही, मग चौरस कुठला! मध्यबिंदू एकच आला तर चारही बिंदू एका प्रतलात आहेत आणि मग दहावीची कसोटी बिनधास्त वापरा.

९. बिंदूपासून तिरप्या रेषेपर्यंतचं लंबांतर कसं काढायचं?

रेषेवरचा एक बिंदू आणि रेषेची दिशा हवी. आरंभबिंदूतून (१, २, २) या दिशेने जाणारी रेषा आणि प(५, १, १) हा बिंदू घ्या.

प चा दिशेशी अदिश गुणाकार (डॉट प्रॉडक्ट) करा, म्हणजे क्ष, य, झ जोडीजोडीने गुणून बेरीज करा: ५ + २ + २ = ९. दिशेची लांबी √(१ + ४ + ४) = ३. म्हणून रेषेवरचा प्रक्षेप, म्हणजे रेषेवर पडणाऱ्या सावलीची लांबी, ९ ÷ ३ = ३. आरंभबिंदूपासून प चं अंतर √२७. आता काटकोन त्रिकोण तयार झाला, ज्याचा कर्ण √२७ आणि एक बाजू ३. उरलेली बाजू √(२७ − ९) = √१८ = ३√२. हेच लंबांतर.

सदिश गुणाकाराचं (क्रॉस प्रॉडक्टचं) सूत्रही हेच उत्तर देतं. मी प्रक्षेपाची रीत आधी सांगतो, कारण ती चित्रात दिसते. लंबपादही, म्हणजे लंब रेषेला जिथे टेकतो तो बिंदूही, लगेच मिळतो, तो इथे (१, २, २) आहे.

१०. रेषेऐवजी रेषाखंड असेल तर उत्तर तेच येतं का?

लंबपाद रेषाखंडावर पडला तरच. वरच्याच उदाहरणात रेषाखंड (०, ०, ०) ते (½, १, १) एवढाच असेल, तर लंबपाद (१, २, २) त्याच्या बाहेर जातो. मग सर्वात जवळचा बिंदू म्हणजे रेषाखंडाचं टोक (½, १, १), आणि अंतर ४.५. लंबांतर ३√२ म्हणजे सुमारे ४.२४ होतं. परीक्षेत ‘रेषा’ लिहिलंय की ‘रेषाखंड’, हे वाचा. प्रत्यक्ष पाईप, तार, खांब हे सगळे रेषाखंडच असतात.

११. (३, ४, १२) चं क्ष-अक्षापासूनचं अंतर ३ का नाही?

३ हे क्ष-अक्षापासूनचं अंतर नाही, तर य आणि झ अक्ष ज्यात आहेत त्या प्रतलापासूनचं आहे. क्ष-अक्षापर्यंत यायचं तर य आणि झ दोन्ही शून्य करावे लागतात. म्हणून अंतर √(१६ + १४४) = √१६०. त्याच बिंदूचं झ-अक्षापासूनचं अंतर √(९ + १६) = ५, जमिनीपासूनचं १२ आणि आरंभबिंदूपासूनचं १३. अक्षाचं नाव ज्या अक्षराचं, तेच अक्षर अंतरात येत नाही.

१२. दोन समांतर प्रतलांमधलं अंतर काढताना उत्तर का बिघडतं?

सहगुणक सारखे न करता वजाबाकी केल्यामुळे. क्ष + २य + २झ = ५ आणि २क्ष + ४य + ४झ = २२ ही प्रतलं घ्या. दुसऱ्याला २ ने भागा, क्ष + २य + २झ = ११. मग अंतर (११ − ५) ÷ √(१ + ४ + ४) = ६ ÷ ३ = २.

बिंदूपासून प्रतलापर्यंतही तीच रीत. प्रश्न ८ मधल्या चतुष्फलकाची उंची हवी असेल तर ब, क, ड मधून जाणारं प्रतल क्ष + य + झ = २ आहे. अ हा आरंभबिंदू, म्हणून उंची २ ÷ √३, सुमारे १.१५. पायाचं क्षेत्रफळ, घनफळ काहीच काढावं लागलं नाही.

१३. स्क्यू लाइन्स, म्हणजे विषमतलीय रेषा, डोळ्यासमोरच येत नाहीत. त्यांच्यातलं अंतर कसं समजून घ्यायचं?

पुन्हा खोलीत या. जमिनीच्या (०, ०, ०) कोपऱ्यातून छताच्या (१२, ९, ८) कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. आता (१२, ०, ०) या कोपऱ्यातली उभी कड बघा. दोरी आणि कड समांतर नाहीत आणि एकमेकींना छेदतही नाहीत. या झाल्या विषमतलीय रेषा.

आता छत नाही असं समजून बरोबर वरून खाली बघा. उभी कड एका ठिपक्यासारखी दिसते, दोरी जमिनीच्या कर्णावर पडलेली दिसते. मग प्रश्न एवढाच उरतो की काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या कोपऱ्यापासून कर्णाचं लंबांतर किती? बाजू १२ आणि ९, कर्ण १५, म्हणून १०८ ÷ १५ = ७.२ फूट.

सूत्राने पडताळू. दोन दिशांचा सदिश गुणाकार: (१२, ९, ८) आणि (०, ०, १) यांचा (९, −१२, ०), लांबी १५. दोन्ही रेषांवरच्या बिंदूंना जोडणारा सदिश (१२, ०, ०). अदिश गुणाकार १०८. भागाकार ७.२. एका रेषेच्या टोकाकडून तिच्याच दिशेने बघणं हीच या सूत्रामागची कल्पना आहे. ती कळली की सूत्रातली प्रत्येक संख्या कशासाठी आहे ते सांगता येतं.

१४. सूत्र लावलं आणि टेपने मोजलं, तर दोन-तीन इंचांचा फरक पडला. सूत्र चुकतं का?

सूत्र चुकत नाही. भिंती काटकोनात नसतील तर अक्षच एकमेकांना लंब नाहीत, आणि प्रश्न २ मधला पायथागोरस लागूच होत नाही. १२ आणि ९ फुटांच्या भिंतींमधला कोन ९० ऐवजी ९२ अंश असेल, तर जमिनीचा कर्ण १५ ऐवजी सुमारे १५.२५ फूट येतो. म्हणजे दोन अंशांनी ३ इंच. जुन्या धाब्याच्या घरांत कोन इतका सुटलेला सहज सापडतो. गवंडी गुण्या लावतात किंवा दोरीने ३-४-५ चं माप घेतात, ते यासाठीच.

दुसरं कारण एककांचं. ९ फूट ६ इंच म्हणजे ९.६ नाही, ९.५. सगळी मापं आधी इंचांत करा, नाहीतर मीटरमध्ये.

१५. वायर हवेतून नेता येत नाही. भिंतीवरून सर्वात कमी लांबी किती लागेल?

इथे अंतराचं सूत्र थेट लावायचं नाही. १७ फूट हे हवेतलं अंतर आहे. पृष्ठभागावरची लांबी हवी तर दोन लगतच्या बाजू एका सपाटीत उलगडा आणि मग सरळ रेष ओढा.

(०, ०, ०) पासून (१२, ९, ८) पर्यंत तीन पर्याय निघतात. लांब भिंत आणि छत उलगडलं तर १२ बाय १७ चा आयत होतो, कर्ण √४३३, सुमारे २०.८ फूट. आखूड भिंत आणि छत घेतलं तर ९ बाय २०, √४८१, सुमारे २१.९ फूट. दोन भिंतींवरूनच जायचं असेल तर २१ बाय ८, √५०५, सुमारे २२.५ फूट. सर्वात मोठ्या मापाला एकटं ठेवून उरलेल्या दोघांची बेरीज केली की सर्वात आखूड वाट मिळते, हे कुठल्याही इष्टिकाचितीत खरं आहे.

मात्र घरात वायर कधीही तिरपी नेऊ नका. उद्या कोणी खिळा ठोकेल तेव्हा वायर कुठून गेलीय हे त्याला कळायला हवं. काटकोनात नेलेल्या वायरला १२ + ९ + ८ = २९ फूट लागतात आणि ते आठ फूट जास्त लागणंच बरोबर आहे.

१६. पाण्याच्या टाकीभोवती गोल-गोल वर चढणाऱ्या दोरीची लांबी कशी काढायची?

दंडगोल उलगडला की आयत होतो. परीघ ३ फूट, चार वेढे आणि उंची ५ फूट असेल, तर आडवी बाजू १२, उभी ५, दोरी १३ फूट. वेढे सारख्या चढाचे हवेत, एवढीच अट. गोलाला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण गोल सपाट उलगडत नाही. त्यासाठी प्रश्न १८.

१७. चाळीसगावजवळच्या पाटणचे भास्कराचार्य हे सगळं वापरत होते का?

निर्देशक वापरत नव्हते. ती पद्धत युरोपात सतराव्या शतकात आली. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. पाटणच्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. हा लेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. खान्देशातल्या प्रत्येक गणिताच्या विद्यार्थ्याने पाटणादेवीला गेल्यावर हे मनात ठेवावं.

लांबीची गणितं मात्र त्यांनी अप्रतिम दिली आहेत. ‘लीलावती’तलं मोराचं उदाहरण घ्या. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, साप २७ हातांवरून बिळाकडे येतोय. दोघं सारखंच अंतर कापून भेटले, तर बिळापासून किती हातांवर? बीळ (०, ०, ०), मोर (०, ०, ९), साप (२७, ०, ०), भेट (क्ष, ०, ०). दोन्ही अंतरं समान, म्हणून क्ष² + ८१ = (२७ − क्ष)². यातून क्ष = १२, आणि दोघांनी कापलेलं अंतर १५ हात. साप कुठल्याही दिशेने आला असता तरी त्याच्या वाटेलाच क्ष-अक्ष म्हणता आलं असतं (प्रश्न ४).

१८. अक्षांश-रेखांशांवरून जळगाव ते धुळे अंतर या सूत्राने निघेल का?

निघेल, पण दोन पायऱ्यांत. अक्षांश-रेखांश हे कोन आहेत, त्यांचे फरक थेट सूत्रात घालायचे नाहीत. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरून प्रत्येक गावाचे तीन निर्देशक काढा. झ = त्रिज्या × साइन(अक्षांश), क्ष = त्रिज्या × कोसाइन(अक्षांश) × कोसाइन(रेखांश), य = त्रिज्या × कोसाइन(अक्षांश) × साइन(रेखांश). मग प्रश्न २ चं सूत्र लावा. मिळते ती जीवा, म्हणजे जमिनीच्या पोटातून जाणारी सरळ रेष. पृष्ठभागावरचा कंस हवा तर जीवेला व्यासाने भागा, त्याचा साइन-व्यस्त रेडियनमध्ये काढा आणि पुन्हा व्यासाने गुणा.

जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ८३ किमी येतं. रस्त्याने जास्त पडतं, कारण रस्ता वळतो. एवढ्या अंतराला जीवा आणि कंस यांच्यात फक्त अर्ध्या मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणून जवळच्या गावांसाठी जीवाच पुरते. पण अंतर दुप्पट झालं की हा फरक जवळपास आठपट होतो, तेव्हा जळगाव-दिल्लीसारख्या अंतराला कंसच काढा.